डेक्कन कॉलेज, पुणे

डेक्कन कॉलेज (अधिकृत नाव: डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था) हे महाराष्ट्रातील पुणे शहराच्या येरवडा भागात असलेले अभिमत विद्यापीठ आहे. इ.स. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत या संस्थेची परंपरा पोहोचते. त्यामुळे आधुनिक शिक्षण देणाऱ्या भारतातील सर्वांत जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. पुरातत्त्वविद्या, भाषाविज्ञान आणि संस्कृत कोशशास्त्र हे तिचे मुख्य अभ्यासविषय आहेत. संस्थेची मुख्य इमारत इ.स. १८६४ ते १८६८ या काळात बांधली गेली. पश्चिम भारतातील गॉथिक पुनरुज्जीवन शैलीच्या महत्त्वाच्या शैक्षणिक वास्तूंपैकी ती एक आहे. इ.स. १९३४ मध्ये सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांच्या न्यायालयीन लढ्यामुळे इ.स. १९३९ मध्ये ते संशोधन संस्थेच्या रूपात पुन्हा सुरू झाले.

स्थान

संस्थेचा परिसर मुळा-मुठा नदीच्या उत्तरेकडील उंचवट्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही जागा पुणे शहराच्या आणि लष्करी छावणीच्या बाहेर, मोकळ्या माळावर होती. जवळच नदीवर बंधारा होता. त्याच्या बांधकामासाठी मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी आर्थिक साहाय्य केले होते. नदी ओलांडण्यासाठी १८६० च्या दशकात फिट्झगेराल्ड पूल (बंडगार्डन पूल) बांधला गेला. त्यानंतर शहरातून येरवड्याकडे जाणे सोयीचे झाले. शहराच्या गजबजाटापासून दूर, विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवारातच राहून शिकावे, ही इंग्लंडमधील निवासी महाविद्यालयांची कल्पना या जागेच्या निवडीमागे दिसते. आज या परिसराच्या चहूबाजूंनी दाट वस्ती झाली असली, तरी आवारातील जुनी झाडी बऱ्याच प्रमाणात टिकून आहे.

इतिहास

दक्षिणा आणि संस्कृत पाठशाळा

पेशवाईत दरवर्षी श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. ही प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर या खर्चाचे काय करायचे, हा प्रश्न ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारपुढे उभा राहिला. दक्षिणा एकदम बंद केली असती, तर नव्या राजवटीविषयीचा असंतोष वाढला असता. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि दख्खनचे कमिशनर विल्यम चॅप्लिन यांनी या निधीचा काही भाग विद्यादानासाठी वळवला. त्यातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यातील विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजेच संस्कृत पाठशाळा, सुरू झाली.

विश्रामबागवाडा हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे निवासस्थान होते. लाकडी खांब, कोरीव सज्जा आणि आतील चौक असलेल्या या वाड्यात शास्त्री मंडळी व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष इत्यादी विषय पारंपरिक पद्धतीने शिकवत असत. सुरुवातीला ही पाठशाळा केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. इ.स. १८३७ च्या सुमारास तिच्या देखरेखीचे काम मेजर थॉमस कँडी यांच्याकडे आले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातील सहभागासाठी कँडी ओळखले जातात. त्यांच्या काळात अभ्यासक्रमात बदल होऊ लागले.

याच काळात दक्षिणा निधीच्या विनियोगावर पुण्यात वाद झाला. इ.स. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख (लोकहितवादी) आणि इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. या निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. सनातनी मंडळींनी या अर्जाला तीव्र विरोध केला. अखेर निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी ठेवण्यात आला. पुढे याच निधीतून महाविद्यालयीन पदवीधरांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. धार्मिक दान म्हणून सुरू झालेल्या या निधीचे तीस-चाळीस वर्षांत शिष्यवृत्तीत रूपांतर झाले.

पूना कॉलेज

इ.स. १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा यांचे एकत्रीकरण होऊन पूना कॉलेज स्थापन झाले. इंग्रजी, गणित, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयांबरोबर संस्कृतचे अध्यापनही चालू राहिले. इ.स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर महाविद्यालयातील शिक्षण विद्यापीठीय परीक्षांशी जोडले गेले. या काळात काही वर्षे एडविन अर्नोल्ड हे येथे प्राचार्य होते. गौतम बुद्धांच्या चरित्रावरील 'द लाइट ऑफ एशिया' हे त्यांचे काव्य पुढे जगभर गाजले.

येरवड्यातील डेक्कन कॉलेज

विद्यार्थिसंख्या वाढू लागल्यावर वाड्यातील जागा अपुरी पडू लागली. नव्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्याकडून लाखाच्या घरातील देणगी मिळाली. उरलेला खर्च सरकारने उचलला. इ.स. १८६४ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली आणि इ.स. १८६८ मध्ये महाविद्यालय नव्या वास्तूत आले. याच काळात त्याचे नाव 'डेक्कन कॉलेज' असे झाले. देणगी आणि सरकारी निधी यांच्या या भागीदारीला सुमारे सात दशकांनंतर निर्णायक महत्त्व आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेक्कन कॉलेज हे महाराष्ट्रातील बौद्धिक जीवनाचे एक प्रमुख केंद्र होते. जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्झ कीलहॉर्न येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्यानंतर भांडारकर त्या पदावर आले. सरकारने पश्चिम भारतातून गोळा केलेल्या संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांचा संग्रह याच महाविद्यालयात ठेवलेला होता. इ.स. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाल्यावर, इ.स. १९१८ मध्ये हा संग्रह तिच्याकडे सोपवण्यात आला.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे तिघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी होते. टिळकांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामाला आणि प्रकृती सुधारण्याला दिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. आगरकरांची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. एकच सदरा रोज रात्री धुऊन दुसऱ्या दिवशी तोच घालण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. टिळक आणि आगरकर यांची मैत्री याच आवारात जुळली. सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा त्यांचा विचारही येथील चर्चांतून पक्का झाला. त्यातूनच चिपळूणकरांच्या सहभागाने इ.स. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. इ.स. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि इ.स. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या तरुणांनीच अशा रीतीने पुण्यातील खासगी उच्च शिक्षणाचा पाया घातला.

महाविद्यालय बंद होणे आणि न्यायालयीन लढा

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पुण्यात खासगी संस्थांची महाविद्यालये स्थिरावली. त्यांचा प्रतिविद्यार्थी खर्च सरकारी महाविद्यालयापेक्षा कमी होता. जागतिक मंदीच्या काळात मुंबई सरकारने काटकसरीचे धोरण स्वीकारले आणि इ.स. १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद करण्यात आले. इमारत आणि विस्तीर्ण आवार यांचे भवितव्य त्यामुळे अधांतरी राहिले.

या निर्णयाविरुद्ध महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने न्यायालयात धाव घेतली. ही वास्तू केवळ सरकारच्या पैशातून उभी राहिलेली नाही. जीजीभाई यांची देणगी एका विशिष्ट शैक्षणिक हेतूसाठी दिलेली होती. म्हणून सरकार या मालमत्तेचे स्वेच्छाधिकारी मालक नसून विश्वस्त आहे, अशी संघाच्या बाजूची मूळ भूमिका होती. शिक्षणाखेरीज अन्य कारणासाठी ही मालमत्ता वापरणे वा विकणे हा देणगीच्या हेतूचा भंग ठरेल, असा तिचा अर्थ होता. या लढ्याला यश आले आणि वास्तू शिक्षणकार्यासाठीच राखली गेली. इ.स. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले होते. त्याच्या कारकिर्दीत संस्था नव्या स्वरूपात सुरू करण्याचा निर्णय झाला.

संशोधन संस्था म्हणून पुनरारंभ

१७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था सुरू झाली. पदवीपूर्व शिक्षण पुण्यात अन्यत्र उपलब्ध असल्याने, केवळ पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन हे तिचे क्षेत्र ठरले. भाषाविज्ञान, संस्कृत, प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व, मराठ्यांचा इतिहास आणि समाजशास्त्र-मानवशास्त्र या विषयांसाठी अध्यापक नेमण्यात आले. इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे पहिले संचालक होते. इ.स. १९४२ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे संचालक झाले आणि पुढे सुमारे तीन दशके त्यांनी संस्थेचे नेतृत्व केले.

आरंभीच्या अध्यापकांमध्ये हसमुख धीरजलाल सांकलिया, इरावती कर्वे आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा समावेश होता. सांकलिया यांनी भारतात प्रागितिहासाच्या अभ्यासाला शास्त्रीय शिस्त दिली. उत्खननात एकट्या अभ्यासकाऐवजी भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या शाखांच्या तज्ज्ञांना सोबत घेण्याची पद्धत संस्थेत रुजली. जोर्वे, नाशिक, नेवासे आणि इनामगाव येथील उत्खननांतून महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्त्यांचा इतिहास उजेडात आला. या संस्कृतीला जोर्वे या गावावरून 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. मराठवाड्यातही पैठणजवळील आपेगाव येथे संस्थेने उत्खनन करून गोदावरीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा अभ्यास केला.

इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांच्या व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ इ.स. १९५३ मध्ये संस्थेनेच प्रकाशित केला. मराठी वाचकांना त्या 'युगान्त' या महाभारतविषयक ग्रंथामुळे विशेष परिचित आहेत. शेजवलकर यांचा पानिपतच्या तिसऱ्या लढाईवरील इंग्रजी ग्रंथ इ.स. १९४६ मध्ये संस्थेच्या ग्रंथमालेत निघाला. १९५० च्या दशकात येथे भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरवण्यात आले. वर्णनात्मक भाषाविज्ञानाची नवी पद्धत त्यांतून देशातील अनेक विद्यापीठांत पोहोचली.

अभिमत विद्यापीठ

आरंभी संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ती त्याच्याशी जोडली गेली. इ.स. १९९० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि इ.स. १९९४ पासून तिचे कामकाज स्वतंत्र विद्यापीठ म्हणून सुरू झाले.

वास्तुशैली

वास्तुकार

मुख्य इमारतीचा आराखडा रॉयल इंजिनिअर्स या लष्करी अभियंता दलातील अधिकारी हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी तयार केला. पुण्यातील ससून रुग्णालयाची जुनी इमारत, ओहेल डेव्हिड सिनेगॉग (लाल देऊळ) आणि मुंबईतील जुने सचिवालय या वास्तूही त्यांच्याच आहेत. १८६० च्या दशकात मुंबई आणि पुणे येथे मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील अनेक इमारतींना सरकारी निधीबरोबर पारशी आणि बगदादी ज्यू व्यापाऱ्यांच्या देणग्यांचा आधार होता. डेक्कन कॉलेज हे त्याच पद्धतीचे उदाहरण आहे.

आराखडा

इमारत दुमजली असून तिचा मुख्य भाग आणि त्याला जोडलेले बाजूचे भाग मिळून मध्ये मोकळे प्रांगण तयार होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील महाविद्यालयांत प्रांगणाभोवती वर्ग, ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या एकत्र असतात. येथेही अध्यापनाची दालने आणि वसतिगृह एकाच आवारात आणली आहेत. विश्रामबागवाड्यातही चौक होता. मात्र वाड्याचा चौक चारही बाजूंनी बंदिस्त असून घराला उजेड आणि वारा पुरवणारा होता, तर येथील प्रांगण बाहेरच्या परिसराकडे उघडे राहते.

बांधकाम आणि तपशील

भिंती दख्खनच्या काळ्या-करड्या बेसॉल्ट दगडाच्या आहेत. हा दगड अतिशय कठीण असल्याने त्यावर बारीक कोरीव काम करणे अवघड असते. त्यामुळे इमारतीचा परिणाम नक्षीपेक्षा प्रमाणबद्धता, कमानींची लय आणि छपरांची आकृती यांवर अवलंबून आहे. कमानी गॉथिक शैलीनुसार टोकदार आहेत. तळमजल्यावरील कमानींच्या रांगेमागे खोल ओसरी आहे. दख्खनच्या उन्हाळ्यात थेट ऊन भिंतींवर पडू नये आणि पावसाळ्यात वर्गांची दारे-खिडक्या उघडी ठेवता यावीत, हा या ओसऱ्यांचा व्यावहारिक उपयोग आहे. युरोपातील थंड हवामानात विकसित झालेली शैली भारतीय हवामानाशी जुळवून घेण्याचा हा प्रयत्न होता.

छपरे तीव्र उताराची असून त्यांच्या त्रिकोणी शिखरभिंती आणि उंच मनोरा दुरूनही नजरेत भरतात. मध्यवर्ती मोठे सभागृह हा इमारतीतील सर्वांत प्रशस्त भाग आहे. उंच छतामुळे गरम हवा वर राहते आणि वापराच्या पातळीवर दालन तुलनेने थंड असते.

वसतिगृह आणि टिळकांची खोली

जुन्या वसतिगृहातील खोल्या ओळीने असून त्यांच्यासमोर सामाईक ओसरी आहे. लोकमान्य टिळक विद्यार्थी असताना ज्या खोलीत राहत होते, ती खोली त्यांचे स्मारक म्हणून जतन केलेली आहे. इ.स. १९३९ नंतर परिसरात नव्या विभागांसाठी, प्रयोगशाळांसाठी आणि निवासस्थानांसाठी अनेक इमारती बांधल्या गेल्या.

समकालीन वास्तूंशी तुलना

पुण्यातील गणेशखिंड येथील गव्हर्नरांचे निवासस्थान (आताची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत) याच दशकात बांधायला घेतले गेले. त्याचे वास्तुकार जेम्स ट्रबशॉ यांनी तेथे इटालियन धाटणीचा उंच मनोरा योजला. गणेशखिंडची वास्तू सत्तेचे वैभव दाखवण्यासाठी होती आणि स्वातंत्र्यानंतर ती विद्यापीठाला मिळाली. डेक्कन कॉलेजची वास्तू मात्र आरंभापासून शिक्षणासाठीच बांधली गेली आणि, १९३४ नंतरचा खंड वगळता, त्याच कामासाठी वापरली गेली आहे.

संस्कृत महाकोश

इ.स. १९४८ मध्ये कत्रे यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत-इंग्रजी महाकोशाचा प्रकल्प सुरू झाला. एखादा शब्द सर्वप्रथम कोणत्या ग्रंथात येतो, पुढील शतकांत त्याचे अर्थ कसे बदलतात, हे उदाहरणांसह क्रमाने दाखवणे ही त्याची पद्धत आहे. त्यासाठी ऋग्वेदापासून उत्तरकालीन वाङ्मयापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचून शब्दपट्ट्या तयार करण्यात आल्या. या पट्ट्यांची संख्या सुमारे एक कोटी असून त्या संस्थेत कप्प्यांत लावून ठेवल्या आहेत. पहिला खंड अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली इ.स. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. अनेक दशकांनंतरही काम वर्णमालेच्या आरंभीच्या भागातच आहे. एवढ्या विस्तृत कोशाचे काम एका पिढीत पूर्ण होणारे नसते. काम करणाऱ्या संपादकांची अखंड साखळी टिकवणे हेच त्याच्यापुढील मोठे आव्हान आहे.

संग्रहालये

संस्थेत पुरातत्त्व संग्रहालय आणि मराठा इतिहास संग्रहालय आहे. पुरातत्त्व संग्रहालयात अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगीन मृद्भांडी आणि विविध उत्खननांतील वस्तू ठेवल्या आहेत. मराठा इतिहास संग्रहालयाचा गाभा म्हणजे इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी सातारा येथे जमवलेला संग्रह होय. त्यातील कागदपत्रे, चित्रे आणि नकाशे इ.स. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजकडे आले. मोडी लिपीतील दप्तर हा मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचा साधनसंग्रह आहे.

प्रसिद्ध विद्यार्थी आणि अध्यापक

• विष्णुशास्त्री चिपळूणकर – निबंधमालाकार
• बाळ गंगाधर टिळक – राष्ट्रीय नेते, 'केसरी'चे संपादक
• गोपाळ गणेश आगरकर – समाजसुधारक, 'सुधारक'चे संस्थापक
• रामकृष्ण गोपाळ भांडारकर – प्राच्यविद्यापंडित
• विश्वनाथ काशिनाथ राजवाडे – इतिहाससंशोधक
• रामचंद्र दत्तात्रेय रानडे (गुरुदेव रानडे) – तत्त्वज्ञ
• हसमुख धीरजलाल सांकलिया – पुरातत्त्वज्ञ
• इरावती कर्वे – मानवशास्त्रज्ञ आणि लेखिका

कालपट

• १८२१ – विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू
• १८५१ – पूना कॉलेजची स्थापना
• १८६४ – येरवडा येथील इमारतीची पायाभरणी
• १८६८ – महाविद्यालय नव्या वास्तूत
• १९१८ – हस्तलिखित संग्रह भांडारकर संस्थेकडे
• १९३४ – महाविद्यालय बंद
• १९३९ – पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुनरारंभ
• १९४८ – संस्कृत महाकोश प्रकल्पाचा आरंभ
• १९९० – अभिमत विद्यापीठाचा दर्जा

हे सुद्धा पाहा

• विश्रामबागवाडा
• फर्ग्युसन कॉलेज
• भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था
• जोर्वे संस्कृती
• इनामगाव